वाळवण शिकवायचं कुणाला?

कुरडईचा गहू तीन दिवस का भिजत घालायचा, याचं खात्रीचं उत्तर खान्देशातल्या बऱ्याच घरांत आज साठीपुढच्या एखाद्या बाईकडेच उरलं आहे. तिला ते सासूने शिकवलं, बहुधा चार शब्द ऐकवत. तिच्या मुलीला ते अर्धंमुर्धं येतं, नातीला येत नाही, आणि नातवाला यावं असं तर कुणाच्या मनातही आलेलं नाही. या शेवटच्या गोष्टीकडे आपण फारसं बघत नाही. मला मात्र सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथेच दिसतं. वाळवण, लोणची, धान्याची साठवण हे सगळं आपण पोरीला सासरी नांदता यावं म्हणून शिकवत आलो. नांदण्याची अट म्हणून जे शिकवलं, ते पोरी शिकल्यासवरल्यावर, नोकरीला लागल्यावर टाकून देणारच. त्यांनी ते टाकलं यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हे ज्ञान टिकवायचं असेल तर ते मुलग्यांनाही शिकवावं लागेल, कारणांसकट शिकवावं लागेल, आणि एकट्या घरावर न सोडता शाळेतही शिकवावं लागेल.

हे ज्ञान किती मोठं आहे ते आधी सांगते, कारण त्याला ‘बायकांचे उद्योग’ म्हणून हातावेगळं करणारे सहसा त्या पातेल्याजवळ कधी बसलेले नसतात.

कुरडईचंच घ्या. लोकवन गहू निवडून धुऊन पाण्यात घालतात आणि रोज पाणी बदलतात. तीन दिवसांत गव्हाला आंबूस वास येतो आणि दाणा बोटांत चेपला की पांढरा चीक बाहेर येतो. हा आंबूसपणा आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे येतो. पाणी बदललं नाही तर सडवणारे जिवाणू माजतात आणि सगळा गहू घाण वास मारू लागतो. चौथ्या दिवशी गहू वाटायचा, चोथा पिळून वेगळा करायचा, चीक गाळून रात्रभर स्वस्थ ठेवायचा. सकाळी वर पिवळट पाणी आलेलं असतं आणि तळाशी घट्ट चीक बसलेला असतो. ते पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचं, हलवायचं नाही, नाहीतर कुरडईचा रंग बिघडतो. मग पाण्याला आधण आणून, मीठ घालून, चीक ओतत ओतत घाटायचा. इथे खरी परीक्षा असते. गुठळी होता कामा नये, तळाला लागता कामा नये, आणि शिजला की नाही हे घड्याळ बघून कळत नाही. पांढरेपणा जाऊन चिकाला पारदर्शक चकाकी यावी लागते, ओलं बोट लावलं तर बोटाला चिकटता कामा नये. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तुटते आणि तळल्यावर फुलत नाही. शिजल्यावर गरम आहे तोवरच सोऱ्यातून घालायची, कारण गार झाला की चीक घट्ट होतो आणि सोऱ्या फिरत नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारलं, किती वेळ घाटायचं, तर त्या एवढंच म्हणतात, “हात घाल, मंग समजी.” आणि खरंच तसंच आहे. ते हाताला कळायला लागतं, त्याआधी कितीही सांगितलं तरी कळत नाही. वाळवणाजवळ कावळे हाकायला बसलेल्या पोरांना वाटीभर गरम चीक तूप-साखर घालून मिळायचा. चिकाची पहिली ओळख बहुतेकांना तशीच झालेली आहे, मुलग्यांनाही. पुढची ओळख मात्र फक्त मुलींना करून दिली गेली.

बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, तसंच. ज्वारी भिजवून, कांडून, कोंडा पाखडून, दळून तिचा घाटा शिजवायचा, त्यात लसूण, मिरची, तीळ, जिरं घालायचं आणि ओल्या कापडावर हाताने थापायचं. किती पातळ थापायचं हे त्या दिवशीच्या उन्हावर आणि वाऱ्यावर ठरतं. हे ऊन ही खान्देशची मोठी पुंजी आहे. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवेत ओल जवळजवळ नसते. पदार्थातलं पाणी पुरेसं निघून गेलं की बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला जागा राहत नाही, सगळ्या वाळवणाचं शास्त्र या एका वाक्यावर उभं आहे. पण ‘पुरेसं’ म्हणजे किती, हे आपल्या बायकांनी कोणत्याही उपकरणाशिवाय ठरवलं. मिरची कानाशी हलवली की बी वाजलं पाहिजे. नंदुरबारला मिरचीच्या मोकळ्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असते आणि अवकाळी पाऊस आला की व्यापाऱ्यांची धांदल उडते, ती उगीच नाही. अर्धवट वाळलेल्या मिरचीवर, शेंगदाण्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. यकृताच्या कॅन्सरशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे आणि फोडणीच्या उष्णतेने ते नाहीसं होत नाही. म्हणजे बी वाजतं का हे बघणारी आजी आपलं यकृत राखत होती.

तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवणं, धान्यात कडुनिंबाचा पाला घालणं, चिंच फोडून मीठ लावून गोळे करणं, हरभऱ्याचा पाला वाळवून भाजीला ठेवणं, गोधडी शिवणं हे सगळं याच रांगेतलं. प्रत्येकावर लिहायचं तर जागा पुरणार नाही.

आता हे का थांबलं ते बघू. विकत मिळायला लागलं हे एक कारण, पण ते पहिलं नाही. पहिलं कारण म्हणजे हे काम मुळात एकट्या बाईचं कधीच नव्हतं. गल्लीतल्या बायका पाळीने एकमेकींकडे जायच्या, आज हिच्याकडचे पापड, उद्या तिच्याकडच्या शेवया. उडदाचं पीठ कुटायला दोघी, लाट्या तोडायला एक, लाटायला सात-आठ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार, त्याआधी हे उरकायचं अशी घाई असायची. सणाच्या आधीची ही मोकळीक सासुरवाशिणींना हवीहवीशी वाटायची, कारण दारात बसून बोलता यायचं. ती गल्ली मोडली. कोण पुण्याला गेलं, कोण सुरतेला, कोण नाशिकला. राहिलेल्यांच्या घरांना कुंपणाच्या भिंती आल्या. मग तेच काम फ्लॅटच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीतून जागा शोधत, नोकरीवरून आलेल्या एकट्या बाईने करावं अशी अपेक्षा उरली. माणसं कमी झाली आणि अपेक्षा तेवढीच राहिली तर काम थांबतंच.

आणि ज्यांच्यावर ती अपेक्षा आहे त्यांचा दिवस आधीच कसा भरलेला आहे ते सरकारी आकड्यांत आहे. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, तर असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनीही नऊ मिनिटं काढून घेतली. अशा स्थितीत ‘हल्लीच्या पोरींना काही येत नाही’ असं म्हणत वाळवणाच्या परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांचं मला पटत नाही. परंपरेवर एवढं प्रेम असेल तर गहू आपण भिजत घालावा, पहाटे उठून पाणी आपण बदलावं.

पुरुषांच्या हाताला हे जमत नाही असं मात्र कुणी मला सांगू नये, निदान खान्देशात तरी. हिवाळ्यात शेतात भरीत होतं तेव्हा काय दिसतं? कपाशीच्या काड्या गोळा करून जाळ करणारे पुरुष, जळगावची हिरवी-पांढरी मोठी वांगी एकेक फिरवत भाजणारे पुरुष, साल काढून लाकडी भांड्यात ठेचणारे पुरुष. वांगं आतून शिजलं का हे त्यांना काडी न खुपसता कळतं. मिरची किती भाजायची, कांद्याची पात कधी घालायची, यावर तासभर वाद घालतात आणि त्या वादात खरं ज्ञान असतं. या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनाच सगळ्यात जास्त आनंद झाला. शेवभाजीचे ढाबे चालवणारे पुरुषच आहेत, पापडाची यंत्रं चालवणारे पुरुषच आहेत, मिरचीच्या पथाऱ्यांवरही पुरुष राबतात. धडगाव-अक्कलकुवा भागात कैऱ्या सोलून आमचूर वाळत घालायला अख्खं कुटुंब बसतं. जिथे पैसा आहे किंवा कौतुक आहे तिथे आमच्या पुरुषांना सगळं येतं. जिथे दोन्ही नाही तिथे ते ‘बायकांचं काम’ होतं. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही, आपण केली आहे, आणि ती बदलायला एका पिढीहून जास्त वेळ लागायचं कारण नाही.

यावर एक आक्षेप सरळ येईल. सगळं विकत मिळतं, तेही बचत गटाच्या बायकांनी केलेलं. मग घरोघर हे यायलाच हवं असा हट्ट कशाला? आक्षेप वजनदार आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. घरातलं फुकट धरलेलं कौशल्य बाहेर काढून त्याची मजुरी मिळवणं ही फार मोठी गोष्ट होती. खान्देशातही गटांनी केलेले बिबडे, कुरडया, शेवया आज पुण्या-मुंबईला कुरिअरने जातात, आणि त्या पैशातून पोरांच्या फिया भरल्या जातात. मी स्वतः ते विकत घेते आणि घेत राहीन.

पण या गटांत शिकवणारी बाई कोण आहे ते जाऊन बघा. ती तीच साठीपुढची बाई आहे. गटाला यंत्र मिळतं. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवलं गेलं, एकेका उद्योगाला जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आणि उद्योग करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणही. तरी चिकाला चकाकी आली की नाही हे सांगणारं माणूस लागतंच, आणि ते घरातूनच घडून आलेलं असतं. घरं ती माणसं घडवायची थांबली की गटांकडेही कुणी राहणार नाही. शिवाय घेणाऱ्यालाही पारख लागते. ज्याने कधी कुरडई घातली नाही त्याला मैद्याची आणि गव्हाच्या चिकाची यांतला फरक ताटात कळत नाही, आणि मग बाजार त्याला काहीही विकतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. घरात शिकवणारं माणूस नसल्यामुळे तरुण मुलंमुली मोबाइलवरच्या व्हिडिओंतून शिकतात. त्यांची हौस खरी आहे आणि तिचं मला कौतुक आहे. पण त्या व्हिडिओंत आता पाश्चात्त्य पद्धतीचं बाटलीबंद साठवणही असतं: भाजी, वाटाणे, मक्याचे दाणे बाटलीत भरायचे, उकळायचे, झाकण घट्ट लावायचं, वर्षभर टिकतं म्हणायचं. आपल्या घरांत ही पद्धत रुळलेली नव्हती, त्यामुळे तिच्यातला धोका ओळखणारी आजीही आपल्याकडे नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात. साध्या उकळत्या पाण्यात, म्हणजे १०० अंशांना, ते मरत नाहीत. दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवावं लागतं, तेही ठरलेल्या वेळेपर्यंत. बंद बाटलीत हवा नसते, आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं. पदार्थाचा सामू (pH, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा) ४.६ पेक्षा जास्त, म्हणजे आंबटपणा कमी असला तर ते वाढतात आणि लकवा आणणारं विष तयार करतात. वासावरून, रंगावरून ते कळेलच असं नाही. घरातला भाताचा कुकर या कामासाठी तपासून बनवलेला नसतो, त्याच्या भरवशावर वाटाण्याच्या बाटल्या भरू नयेत.

हे समजलं की आपलं जुनं ज्ञानही नव्याने समजतं. कैरीत मुळातच आम्ल आहे, वर भरपूर मीठ, मोहरीची डाळ आणि हवा तोडणारं तेल, म्हणून लोणचं टिकतं. लसणात आम्ल नाही, म्हणून लसणाच्या लोणच्यात लिंबाचा रस भरपूर लागतो. तो चवीपुरता आहे असं समजून कुणी कमी केला आणि नुसत्या तेलात लसूण बुडवून ठेवला तर ते धोक्याचं आहे. जळगावच्या केळ्याचा भाव पडला की गर काढून बाटलीत भरावा असं सुचणं साहजिक आहे, पण पिकलेल्या केळ्याचा सामू त्याच ४.६ च्या सीमेवर किंवा तिच्या वर असतो, तेव्हा आम्ल मिसळल्याशिवाय ते करू नये. आजीला सामू माहीत नव्हता, तिला प्रमाण माहीत होतं. नातवाला दोन्ही माहीत असलं पाहिजे. कारण माहीत नसताना प्रमाण विसरायला फार वेळ लागत नाही.

कारण कळलं की काय ठेवायचं आणि काय टाकायचं हेही कळतं. पाळी असलेल्या बाईने लोणच्याच्या बरणीला हात लावला तर लोणचं नासतं, असं अजूनही घरोघर सांगतात. लोणचं नासतं ते ओल्या चमच्याने, ओल्या बरणीने, मीठ कमी पडल्याने आणि तेल खाली गेल्याने. परंपरा द्यायची म्हणजे हा विटाळही पोरींच्या गळ्यात घालायचा, असं असेल तर ती परंपरा त्यांनी घेऊ नये. ‘कुणाच्या हातचं चालतं’ आणि ‘कुणाच्या हातचं चालत नाही’ हेही तसंच. ते घराबाहेर ठेवून बाकीचं सगळं आत घ्यायचं.

बाटलीबंद साठवणीचं ज्ञान अमेरिकेतही फक्त आईकडून मुलीकडे गेलं असं नाही. १९१० साली साउथ कॅरोलिना राज्यात मरी क्रोमर या ग्रामीण शिक्षिकेने शेतकऱ्यांच्या मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येकीने एकराच्या दहाव्या भागात टोमॅटो लावायचे आणि ते डब्यांत, बाटल्यांत भरायचं तंत्र शिकायचं. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने अशा शिक्षणाला सरकारी पैसा आणि कृषी विद्यापीठांचा आधार मिळाला, आणि शास्त्रज्ञांनी तपासलेल्या वेळा व प्रमाणं गावोगाव पोचली. मुलग्यांसाठी मक्याचे क्लब आणि मुलींसाठी टोमॅटोचे, ही वाटणी तिथेही होतीच, ती आपण उचलायची नाही. उचलायचं ते एवढंच की घरातलं कौशल्य हा सरकारी खर्चाने शिकवण्याचा विषय असू शकतो.

आपल्याकडे त्यासाठी नवं काही उभारायची गरज नाही. खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत आणि या केंद्रांच्या रचनेतच गृहविज्ञान हा विषय आहे. सामू, ओलावा, बुरशी हे समजावणारं माणूस तिथून येऊ शकतं. हात शिकवणारी माणसं गावात आहेत. आणि मुलं शाळेत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कसबी माणसांकडे शिकायचं. त्या यादीत वाळवण घालणारी बाई घालायला कुठलाही नियम आडवा येत नाही. दहा दिवसांत कुरडई अगदी बेताने बसते: पहिल्या दिवशी गहू भिजत घालायचा, दोन दिवस पाणी बदलायचं आणि रोज वास, रंग वहीत लिहायचा, चौथ्या दिवशी वाटून गाळायचा, पाचव्या दिवशी चीक घाटून कुरडया घालायच्या, पुढचे दोन-तीन दिवस वाळवायच्या आणि रोज वजन करायचं. वजन कमी होत होत थांबलं की वाळण म्हणजे काय हे विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा नीट कळतं. चुलीजवळ मोठं माणूस हवंच, गरम चीक भाजतो. हे माघ-फाल्गुनात करावं, तेव्हा ऊन पुरेसं असतं आणि वार्षिक परीक्षा अजून अंगावर आलेली नसते. सोऱ्या फिरवायला ताकद लागते, तो पाळीने सगळ्यांनी फिरवावा, आणि भांडी घासायची पाळी मुलींवरच येणार नाही हे शिक्षकांनी पहिल्या दिवशी ठरवून टाकावं.

शिकवायला येणाऱ्या बाईला साडी-श्रीफळ देऊन बोळवण करू नये. तिला दिवसाचं मानधन द्यावं आणि ते तिच्याच बँक खात्यात जमा करावं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते कशावर खर्च करावेत याचीच पंचाईत असते. येत्या ग्रामसभेत हा विषय शाळा व्यवस्थापन समितीने मांडावा.